कोंबडीचं तोंड कुणाकडे

२२ डिसेंबर २०२४, रविवार

रोज लिहायचं असं काही ठरवलेलं नाही. नयना म्हणाली, "अहो, मनातली मळमळ कुठेतरी ओका, पण माझ्या ताटाशी बसून नको." म्हणून हा खटाटोप.

आज त्साईसाहेबांनी मीटिंग घेतली. म्हाताऱ्या अर्बाबच्या, म्हणजे आमच्या जुन्या ओमानी मालकाच्या, मुलाने निम्म्याहून जास्त कंपनी या चिनी माणसाला विकली, तेव्हापासून मीटिंग म्हटलं की मी आधी माझी खुर्ची जागेवर आहे का बघतो. अर्बाब होता तेव्हा मस्कतमधल्या रुवीच्या या शोरूममध्ये टाइल्स आणि बेसिनपेक्षा चहाचे पेलेच जास्त फिरायचे, पण माणसाला जरा किंमत होती. त्साईसाहेब हसतात पुष्कळ आणि बोलतात मोजकं. जे बोलतात ते मिस लिऊ ही दुभाषी पोरगी इंग्रजीत करून सांगते. आज तिने सांगितलं की चिनी नववर्षाची सुट्टी संपली की ऑफिस आणि गोडाऊन दोन्ही एकाच मॅनेजरकडे जाणार.

ऑफिस माझ्याकडे आहे. वाडी कबीरचं गोडाऊन इक्बालकडे. म्हणजे आम्हा दोघांपैकी एकाने गाशा गुंडाळायचा, एवढा सरळ अर्थ आहे.

मी छप्पन्न वर्षांचा. सई बारावीला, तिची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होईल. या वयात मला मस्कतमध्ये दुसरं कोण दारात उभं करणार? पुण्यात तर विचारायलाच नको, तिथे माझ्या वयाचे लोक टेकडीवर फिरायला जातात. इक्बालचं तसं नाही. तो चाळिशीचा, रत्नागिरीकडचा, दुबईत एका चिनी टाइलवाल्याकडे बरीच वर्षं काढून आलेला. कुठेही चिकटेल. पण तो चार शब्द चिनी बोलतो आणि त्यावर गोडाऊनमधले चिनी खूश होऊन खिदळतात. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय.

मीटिंग संपल्यावर मिस लिऊने मला थांबवलं. नववर्षाआधी मालक कामगारांना मोठं जेवण देतो, सरत्या वर्षाचे आभार म्हणून. त्याची सगळी व्यवस्था मी करायची. "मिस्टर त्साई म्हणतात, जेपीसारखी व्यवस्था कुणाला जमत नाही." मी आहे जयप्रकाश दामले, पण यांच्या जिभेला जेपीच झेपतो. ज्याला काढायचं त्याला कुणी जेवणाची व्यवस्था सांगत नाही, असं मी नयनाला म्हटलं. ती म्हणाली, "लग्नात आचाऱ्यालाही सांगतात." ही बाई मला कधी धीर देईल तर शपथ.

२९ डिसेंबर, रविवार

शोरूम लाल करून टाकली आहे. लाल कंदील, लाल झालरी, दाराच्या दोन्ही बाजूंना सोनेरी अक्षरांच्या लाल पट्ट्या. लाल रंगाला आणि आवाजाला घाबरून एक जुना राक्षस पळतो म्हणे. शिवाय एका कुंडीत संत्र्याएवढी फळं लागलेलं झाड. ती फळं म्हणजे सोनं, तोडायची नाहीत. दसऱ्याला आपट्याची पानं सोनं म्हणून वाटणाऱ्या माणसाला हे कळायला वेळ लागला नाही. मिस लिऊ समजावून सांगते, मी मान डोलावतो.

नववर्षाआधी कोपरान् कोपरा झाडायचा, पण पहिल्या दिवशी झाडूला हात लावायचा नाही. लावला तर नशीब केराबरोबर बाहेर जातं. आमच्या आईकडे याच्या बरोबर उलटं होतं. लक्ष्मीपूजन झालं की पहाटे सूप वाजवत केर बाहेर काढायचा, म्हणजे अलक्ष्मी जाते. मी हे मिस लिऊला सांगितलं तर ती म्हणाली, "मग तुम्ही त्या दिवशी आमच्याकडे येऊ नका." हसली, पण तेवढं मला लागलं.

दुपारी एक फजिती झाली. दारावरचं एक मोठं अक्षर कुणीतरी उलटं चिकटवलं होतं. मी स्टुलावर चढून ते सरळ केलं. थोड्या वेळाने इक्बाल माल घेऊन आला, त्याने वर बघितलं आणि काही न बोलता पुन्हा उलटं केलं. ते 'भाग्य' असं अक्षर, उलटंच लावायचं असतं म्हणे, चिनीत 'उलटं' आणि 'आलं' यांचा उच्चार एकच. चार चिनी टाळ्या वाजवायला लागले. मी आत जाऊन बसलो. यापुढे प्रत्येक गोष्ट मी स्वतः आधी शिकून घेणार आहे. इक्बालकडून शिकण्याची वेळ माझ्यावर आणू नये कुणी.

६ जानेवारी २०२५, सोमवार

जे केलं ते लिहून ठेवतो. इथे तरी खोटं कशाला.

गेल्या आठवड्यातल्या कंटेनरमधली बेसिनची दोन खोकी फुटकी निघाली. आज त्साईसाहेबांच्या टेबलाशी हिशेबाचे कागद घेऊन गेलो असताना मी सहज म्हटल्यासारखं म्हणालो की गोडाऊनमध्ये हल्ली फार फूट होते, इक्बालचं लक्ष नसतं. खोकी बंदरावरच फुटली होती. पावतीवर तसा शेराही आहे. पावती माझ्याच खणात होती आणि ती मी काढली नाही.

त्साईसाहेब "हं" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

त्याला दुबई आहे. मला काय आहे? संध्याकाळी देवापुढे लावलेला दिवा दोनदा विझला, पण तो खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याने असेल. जानेवारीत इथे संध्याकाळी वारा सुटतोच.

९ जानेवारी, गुरुवार

जेवण पुढच्या बुधवारी, अल खुवैरच्या एका चिनी रेस्टॉरंटच्या खास खोलीत. आज मिस लिऊबरोबर पदार्थ ठरवले. प्रत्येकाला अर्थ आहे. शेवया न तोडता खायच्या, आयुष्य लांबतं. डम्पलिंग म्हणजे त्यांचे मोदकच, फक्त आत खिमा. त्यांचा आकार जुन्या काळच्या सोन्याच्या लगडींसारखा, म्हणून ते धन. मासा अख्खा आणायचा आणि पूर्ण संपवायचा नाही, म्हणजे पुढच्या वर्षीही शिल्लक राहतं. आपल्याकडे पानात टाकलं की आई पाठीत धपाटा घालायची.

माझ्यासारख्या शाकाहारी माणसाला या सगळ्याकडे बघणंही नको वाटतं, पण कामाचं ते नीट ऐकलं. माशाचं तोंड सर्वांत मानाच्या माणसाकडे करायचं. ज्याच्याकडे तोंड असेल त्याने आधी प्यायचं, मग बाकीच्यांनी. टेबलाच्या मध्यभागी काचेची फिरती चकती असते, तिच्यावर ताटली ठेवून ती फिरवून तोंड बरोबर आणायचं.

"आणि कोंबडी? तीही डोक्यासकट दिसते यादीत."

"ती मिस्टर त्साईंनी सांगितली आहे. मी उत्तरेची, आमच्याकडे हे जेवणच करत नाहीत. ते दक्षिणेचे, फूचियान प्रांतातले. कोंबडीचं त्यांनाच विचारा."

साहेबांना काय विचारायचं? माशाचं डोकं काय आणि कोंबडीचं काय, डोकं ते डोकं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. नयनाने केलेला तिळगूळ ऑफिसात वाटला. त्साईसाहेबांना मिस लिऊने "गोड बोला" समजावून सांगितलं. ते म्हणाले, "गुड कस्टम. व्हेरी चीप, व्हेरी गुड." इक्बालने तिळगूळ घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "दामलेसाहेब, तुमीपन बोला हां गोड." म्हणजे बेसिनचं त्याच्या कानावर गेलं असावं. जाऊ दे.

उद्या कोण कुठे बसणार ते त्साईसाहेब स्वतः ठरवणार आहेत. इतकी वर्षं बसण्याची व्यवस्था मी लावत आलो. माझ्याकडून तेवढंच का काढून घेतलं, हे मला कळत नाही. झोप धड लागलेली नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

कालचं सगळं क्रमाने लिहितो. असा दिवस माझ्या आयुष्यात फार वेळा आला नाही.

गोल मोठं टेबल. दारासमोरच्या खुर्चीवर त्साईसाहेब, त्यांच्या डाव्या हाताला मी, उजव्या हाताला मिस लिऊ. बाकी गोडाऊनचे आणि विक्रीचे चिनी. इक्बाल थेट साहेबांच्या समोर. आधी मासा आला, तोंड साहेबांकडे. ते प्यायले, मग सगळे प्यायले, मी आणि इक्बालने संत्र्याचा रस उचलला. माझी माहिती बरोबर होती.

मग कोंबडी आली. पांढरी, उकडलेली, डोकं आणि चोच जागच्या जागी. मी नजर वळवणार होतो, तेवढ्यात त्साईसाहेब स्वतः उठून उभे राहिले. त्यांनी ती ताटली नीट केली आणि काचेची चकती अगदी हळू फिरवायला लागले. चकती थांबली. कोंबडीचं तोंड इक्बालकडे.

इक्बाल पांढराफटक पडला. त्याने दोन्ही हात टेबलाखाली घेतले आणि मान खाली घातली. मान मिळाला की काहींना तो पचत नाही, तसं त्याचं झालं.

आणि मला? मला कानात गरम तेल ओतल्यासारखं झालं. साहेब स्वतः उठले! माझ्यासाठी कधी उठले होते? म्हणजे ठरलं तर. इक्बाल राहणार आणि मी जाणार, आणि ते मला सगळ्यांसमोर असं दाखवणार. ज्या जेवणासाठी मी महिनाभर राबलो त्याच जेवणात माझं पान वाढायचं नाही, असंच हे झालं. सईचं तोंड डोळ्यांपुढे आलं. आता गप्प बसलास तर जन्मभर गप्प बसशील, असं मी स्वतःला म्हटलं.

मी हात पुढे केला आणि चकती फिरवली. कोंबडीचं तोंड माझ्यासमोर आणून थांबवलं. मग उभा राहून स्पष्ट इंग्रजीत म्हणालो, "मिस्टर त्साई, हे माझ्याकडे यायला हवं. इथला सर्वांत जुना माणूस मी आहे."

त्साईसाहेब माझ्याकडे बघतच राहिले. मग चिनीत काहीतरी म्हणाले. मिस लिऊला काहीच कळलेलं दिसत नव्हतं. शेजारच्या विक्रीवाल्याने तिच्या कानात दोन वाक्यं सांगितली, आणि तिचा चेहराच बदलला.

"मिस्टर त्साई विचारतात, तुम्ही नक्की ठरवलं आहे का? घरी बायकोला विचारलं आहे का?"

"माझी बायको मला ओळखते," मी म्हटलं. काय वाक्य सुचलं मला.

त्साईसाहेबांनी पेला दोन्ही हातांत धरला. त्यांच्यामागोमाग सगळे चिनी उभे राहिले. साहेबांनी पेला रिकामा केला आणि कमरेत वाकून मला नमस्कार केला. मला! मिस लिऊ म्हणाली, "ते म्हणतात, असा माणूस त्यांनी आजवर बघितला नाही." सांगताना तिने स्वतःच्या हाताने माझ्या वाटीत मश्रूम वाढले.

जगात हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही, हे पन्नाशीनंतर कळलं.

पार्किंगमध्ये इक्बाल माझ्या गाडीशी आला. माझा हात दोन्ही हातांत धरून उभा राहिला आणि निघून गेला. हरलेल्या माणसाने असं सभ्यपणे वागावं हे मला आवडलं.

१९ जानेवारी, रविवार

ऑफिसची हवाच बदलली. ड्रायव्हर माझ्यासाठी दार उघडतो. गोडाऊनचा तो उंच चिनी, जो मला कधी ओळखही दाखवत नसे, तो दोन संत्री घेऊन आला आणि दोन्ही हातांनी पुढे धरली. त्साईसाहेब मला बोलावून घेतात आणि स्वतः चहा ओततात. घरी कोण कोण आहे, मुलीची परीक्षा कधी संपते, पुण्यात स्वतःचं घर आहे का, असली चौकशी करतात. मोठी जबाबदारी द्यायची तर माणसाचं घरदार बघणारच.

नयनाला म्हटलं, रुवीची ही खुराड्यासारखी जागा आता पुरे. सीबला समुद्राजवळ एक व्हिला बघून ठेवला आहे. तिने पहिल्यांदा तोंड वाकडं केलं नाही. संध्याकाळी इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला गेली आणि तिथे सांगून मोकळी झाली. मीही अडवलं नाही. बावीस वर्षांच्या संसारात बायकोला मिरवायला एवढं एकच दिलं मी.

२८ जानेवारी, मंगळवार

आज चिन्यांच्या वर्षाचा शेवटचा दिवस. दुपारनंतर सगळे आपापल्या बिऱ्हाडी, एकत्र जेवणासाठी. जो घरापासून लांब असेल त्याच्यासाठीही एक वाटी आणि काड्या मांडून ठेवतात म्हणे. मिस लिऊने हे सांगितलं, तिची स्वतःची आई तिकडे उत्तरेत हार्बिनला एकटीच असते.

निघताना त्साईसाहेबांनी लाल पाकीट दिलं. सगळ्यांना दिलं, पण माझं देताना उभे राहिले. "जेपी, यू गुड मॅन. आय नॉट फरगेट." मी म्हटलं, साहेब, अजून बरीच वर्षं आहेत आपल्याला. ते हसले नाहीत. दमले असतील.

संध्याकाळी इक्बाल बायकोमुलांना घेऊन घरी आला. बायकोने, सुरैयाने, सांदणं करून आणली होती, नारळाच्या रसात घातलेली, आमच्यासाठी मुद्दाम वेगळ्या भांड्यात केलेली. थोरला अरमान सोफ्यावर शहाण्यासारखा बसला, धाकटी हिबा सईच्या मागे मागे. सुरैया नयनाला म्हणाली, "भाभी, तुमचे उपकार आमी कवाच विसराचे नाय. माजे पोरांचा शाळा तुमचेमुले चालू ऱ्हायला." आणि तिने पदराने डोळे पुसले. नयना माझ्याकडे बघायला लागली.

साहजिक आहे. आता मी त्यांचा साहेब होणार, तर हातचं राखून वागणार नाही. मी इक्बालला म्हटलं, "घाबरू नकोस, माझ्या हातात असेल तोवर तुला सांभाळून घेईन." तो माझ्याकडे विचित्र नजरेने बघत राहिला. मग म्हणाला, "सांदणा खावा साहेब, थंड होतील."

ते गेल्यावर नयना म्हणाली, "शाळा चालू राहिली म्हणजे काय हो?" मी म्हटलं, तुला सगळ्यातच खुसपट काढायचं असतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

सुट्टी संपली.

सकाळीच त्साईसाहेबांनी बोलावलं. चहा, संत्री, मिस लिऊ शेजारी. साहेब म्हणाले, कंपनी माझा व्हिसा एप्रिलअखेरपर्यंत ठेवेल, मुलीची परीक्षा नीट होऊ दे. घराचं भाडंही तोपर्यंत कंपनी देईल. मी म्हटलं, आभारी आहे, पण एप्रिलनंतर सीबच्या घराचं कसं करायचं?

मिस लिऊने भाषांतर केलं नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "कसलं घर?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. साहेबांच्या आजोबांचं फूचियानमध्ये तेलाचं दुकान होतं. सरत्या वर्षाच्या जेवणात कोंबडीचं तोंड ज्याच्याकडे, त्याने नव्या वर्षी कामावर यायचं नाही. सणापूर्वी कुणाला तोंडावर 'जा' म्हणायला नको म्हणून ही रीत. माणूस पोटभर जेवतो, पाकीट घेतो, आणि कुणी कुणाचा अपमान करत नाही. आता बहुतेक मालक डोकं स्वयंपाकघरातच कापून ठेवतात, किंवा तोंड स्वतःकडे करून बसतात, म्हणजे यंदा कुणी जात नाही. त्साईसाहेब जुन्या वळणाचे.

त्यांनी इक्बालला काढायचं ठरवलं होतं. मी राहणार होतो. मी काहीही केलं नसतं, नुसता मश्रूम खात बसलो असतो, तर राहिलो असतो.

घरी येऊन नयनाला सांगितलं. ती आधी हसली. मला वाटलं हिला वेड लागलं. मग म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण," आणि स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला लागली. इतकी मळली की पोळ्या चिवट झाल्या. मंडळाच्या बायकांना ती आता काय सांगणार, हे तिने मला विचारलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज गेलो आणि सगळं खरं सांगितलं. लाज गुंडाळून ठेवली. मिस लिऊला म्हटलं, शब्दन् शब्द सांग त्यांना. मला वाटलं कोंबडीचं तोंड म्हणजे मान. इक्बालला मान मिळतोय हे मला बघवलं नाही, म्हणून मी तो हिसकावून घेतला. बाकी माझ्या मनात काही नव्हतं.

तिने सांगितलं. त्साईसाहेब ऐकत होते. मग हसून मान हलवली आणि बराच वेळ बोलले.

"ते म्हणतात, खरा चांगला माणूस असंच सांगतो. समोरच्याच्या डोक्यावर उपकाराचं ओझं नको म्हणून."

मी म्हटलं, नाही, हे खरं आहे. बेसिनची खोकी बंदरावर फुटली होती, तेही मी लपवलं.

"ते त्यांना ठाऊक आहे. नंतर बंदरातून कागद आले. ते म्हणतात, तुमचं मन तुम्हाला खात होतं, म्हणूनच तुम्ही चकती फिरवलीत. चूक सगळ्यांच्या हातून होते. अशी भरपाई कुणी करत नाही."

"मिस लिऊ, त्यांना सांग, मला नोकरी हवी आहे. इक्बालला काढायचं तर काढा, पण मला ठेवा."

ती अगदी हळू म्हणाली, "हे मी नाही सांगणार, मिस्टर जेपी. तुम्ही आज अस्वस्थ आहात. उद्या तुम्हालाच वाईट वाटेल."

मग मीच साहेबांकडे वळून म्हटलं, "आय वॉन्ट जॉब."

"येस, येस," त्साईसाहेब म्हणाले, "आय राइट व्हेरी गुड लेटर," आणि माझ्या पेल्यात चहा ओतला.

बाहेर आलो तर विक्रीवाले उठून उभे राहिले. या लोकांनी मला देव करून ठेवलं आहे आणि देवाला पगार नसतो. मला आरडाओरडा करावासा वाटला. मी त्यांना हात जोडले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सईची परीक्षा सुरू झाली आहे, पुढच्या पेपरला अजून वेळ आहे. तिला आम्ही एवढंच सांगितलं होतं की बाबांची नोकरी संपली. बाकीचं तिला ऑफिसातून कळलं. मिस लिऊने फोन करून तिचं अभिनंदन केलं म्हणे, असे वडील लाभले म्हणून. तेव्हापासून पोरगी माझ्याशी वेगळी वागते. इतकी वर्षं मी खोलीत आलो की तिच्या कानात इअरफोन जायचे. परवा तिने माझ्यासाठी चहा केला. गाळायला विसरली, तरी मी प्यायलो.

दुपारी नमाज आटोपून इक्बाल खोकी घेऊन आला, सामान बांधायला. टाइल्सची मजबूत खोकी. सईने त्याला बसवलं, पाणी दिलं. इक्बाल तिला म्हणाला, "तुजा बाबा मोटा मानूस हाय, पोरी." ती लाजली.

मी त्याला खाली गाडीपर्यंत सोडायला गेलो. लिफ्टमध्ये दोघंच होतो. मला राहवेना. म्हटलं, "इक्बाल, तुला त्या कोंबडीचं माहीत होतं?"

"दुबईत दोन मानसं तशीच गेलेली बगितली मी."

"मग मी फिरवलं तेव्हा बोलला का नाहीस? मला ठाऊक नव्हतं रे. मी काही तुझ्यासाठी..."

"मना म्हायत हाय."

लिफ्ट थांबली. तो बाहेर पडला नाही, दार धरून उभा राहिला.

"तुमी फिरवलात तवा तुमचा तोंड मी बगितला, साहेब. मान पायजे होता तुमाला. माजेवर दया खाताना असा तोंड नसतंय." तो रागावला नव्हता, हेच वाईट होतं. "एक शब्द बोललो असतो तर तुमी चकती परत फिरवली असतात. माजी हिबा लहान हाय. मी गप ऱ्हायलो. बेसिनचा पण मना म्हायत होता, तवापन गप ऱ्हायलो. आता फिटला."

मी उगाच लिफ्टचं बटण दाबत राहिलो.

"सुरैयाला मी काय सांगितला नाय. ती तुमाला देव समजते, समजू दे. तुमची पोर पन तशीच ऱ्हाव दे. घरात काय बोलू नका, साहेब. जाताना एवडा तरी घेऊन जावा." मग तो गाडीत बसला आणि खिडकी खाली करून, नेहमीच्या आवाजात, "आनखी खोकी लागली तर फोन करा" म्हणाला.

ज्याच्या पोटावर मी पाय देणार होतो, तो मला माझ्याच घरात चांगला माणूस म्हणून राहायची परवानगी देऊन गेला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर मला जेवण गेलं असतं.

वर आलो. सई लॅपटॉप घेऊन बसली होती. पुण्यातल्या कुठल्याशा कॉलेजला प्रवेशासाठी निबंध पाठवायचा आहे, तुमच्यावर सर्वांत जास्त प्रभाव कुणाचा, असा काहीतरी. तिने मला शेजारी बसवून घेतलं. स्वयंपाकघरात नयनाचं लाटणं थांबलं. ती ऐकत होती.

"बाबा, मला तुझं एक वाक्य पाहिजे. ॲक्च्युअल. तू ते टर्न केलंस ना, त्या मोमेंटला तुझ्या मनात काय होतं?"

तिच्याकडे बघितलं. पंधरा-सोळा वर्षांची झाल्यापासून तिने माझ्याकडे असं बघितल्याचं मला आठवत नाही. नयना दारात येऊन उभी राहिली, हाताला पीठ, आणि माझ्याकडे बघून तिने मान एकदा नकारार्थी हलवली. ती खरं सांगू नको म्हणत होती की खोटं बोलू नको, ते मला कळलं नाही.

म्हटलं, "लिही. मला इक्बालकाकांची लहान मुलगी दिसली."

तिने लिहिलं. मग थांबून विचारलं, "हिबा किती वर्षांची आहे रे?"

मला माहीत नव्हतं. पाच लिही, म्हटलं.